डोंगरी जवाच्या एकाच पिशवीत पाच तऱ्हेच्या ओंब्या : भेसळ की वाण?

सेमाडोह_बचतगट

नमस्कार. चिखलदरा तालुक्यातल्या आमच्या गटाकडे बियाण्याच्या अदलाबदलीतून हिमालयातल्या जवाचे दोन नमुने आले. पहिला उत्तराखंडच्या मधल्या डोंगरपट्ट्यातला आहे, तिकडे तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात. दुसरा लाहौलचा, तिकडे बर्फ गेल्यावर एप्रिल-मे मध्ये पेरणी होते. दोन्ही १५ नोव्हेंबरला थोडे थोडे पेरून पाहिले.

पहिल्यात ओंब्या एकसारख्या नाहीत. काहींचं तूस दाण्याला चिकटलेलं, काहींचे दाणे गव्हासारखे उघडे पडतात. काही ओंब्यांची कुसळं काळी. एका तऱ्हेत कुसळच नाही, त्या जागी वाकलेली टोपीसारखी पाकळी आहे. थोड्या ओंब्या दोन ओळींच्या. शिवाय उघड्या दाण्याच्या एका ओंबीत काही दाणे निळसर, काही पांढरे.

लाहौलचा फेब्रुवारी संपेपर्यंत नुसता गवतासारखा पसरला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ओंब्या दिसल्या आणि दाणे चिपटे राहिले.

विचारायचं ते एवढं : पहिल्या नमुन्यातल्या तऱ्हा वेगवेगळ्या करून ठेवाव्यात की एकत्र? पुढच्या पेऱ्याला बी किती आणि कसं धरायचं? लाहौलच्या जवाचं बी खराब आहे का? आणि हे वाण गटाच्या नावानं नोंदवता येतील का?

ओंबी_ते_ओळ

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकीचं त्यावर आहे. डोंगरातला जुना जव हाच मुळात मिश्रण असतो. कृषी केंद्रातल्या पिशवीत एकच शुद्ध ओळ असते, तसा तो नसतो. जव स्वतःच्याच परागावर दाणा धरतो, परपरागण शेकड्यात एक-दोन फुलांपलीकडे सहसा जात नाही. म्हणून प्रत्येक झाड जवळजवळ शुद्ध ओळ असतं आणि शेत म्हणजे अशा शेकडो ओळींचा जमाव. विविधता झाडाझाडांमधली असते, एका झाडाच्या आतली फारशी नसते. ज्वारीत पराग जास्त उडतो, त्यामुळे ज्वारीचं बी राखायची सवय इथे तशीच्या तशी लावू नका.

तुम्ही सांगितलेल्या खुणांचा अर्थ असा. उघडा दाणा एकाच अप्रभावी (आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणाऱ्या) जनुकामुळे होतो. साध्या जवात दाण्याच्या सालीवर चिकट थर तयार होतो आणि तूस त्याला धरून बसतं. उघड्यात तो थरच तयार होत नाही. सत्तूसाठी तिकडे उघडाच सोयीचा, कांडायचं काम वाचतं. (आपल्याकडच्या सातूच्या पिठात बऱ्याचदा गहू आणि डाळंच असतं, जव नावालाही नसतो, तो भाग निराळा.) टोपीवाला प्रकार नेपाळ-हिमालयातला जुना आहे. कुसळाच्या जागी तीन पाळ्यांची टोपी येते, तीही एकाच जनुकानं. कुसळ तोंडात टोचत नाही म्हणून चाऱ्याला बरा. काळा रंग तुसातल्या मेलॅनिनचा.

दोन ओळींच्या ओंब्यांवर मात्र मला संशय आहे. ओंबीच्या प्रत्येक पेरावर तीन फुलं असतात. तिन्ही भरली की सहा ओळी, मधलंच भरलं की दोन. हिमालयातले जुने जव बहुतेक सहा ओळींचे असतात, तर दोन ओळींचे आपल्या देशात मुख्यतः माल्टसाठी काढलेल्या सुधारित वाणांतून आले. त्या ओंब्या फेकू नका, पण वेगळ्या पुडीत ठेवा. झाड बुटकं, एकसारख्या उंचीचं आणि एकाच दिवशी पिकणारं निघालं तर ती बाहेरून आलेली भेसळ समजा.

आता निळसर दाण्याची ओंबी. ती तुमच्याकडची सर्वांत मोलाची ओंबी आहे. तूस, कुसळ, ओळी हे सगळं आईच्या झाडाचं अंग, म्हणून आत संकर असला तरी एका ओंबीतले सगळे दाणे बाहेरून सारखेच दिसतात आणि फरक पुढच्या पिढीत झाडागणिक उघड होतो. निळा रंग मात्र सालीखालच्या थरात असतो, आणि तो थर बापाकडूनही गुण घेतो. एकाच ओंबीत निळे-पांढरे दाणे दिसले तर एक-दोन पिढ्यांत कुठेतरी संकर झालाय. असे संकर क्वचित होतात, नवे जोड त्यांतूनच निघतात.

खात्री करायची असेल तर ओंबी-ओळ पद्धत वापरा. ५० ओंब्या काढा, प्रत्येक वेगळी चोळा, प्रत्येकीचे २० दाणे एका मीटरभर ओळीत पेरा. दाण्यातलं अंतर ५ सेंमी, ओळीतलं २५ सेंमी. ओळीतली सगळी झाडं सारखी निघाली तर ती शुद्ध ओळ. तुसवाल्या ओंबीच्या ओळीत साधारण चारात एक झाड उघड्या दाण्याचं निघालं, तर आई संकरित होती. उघड्या ओंबीतून उघडीच निघाली पाहिजेत. तुसवाली निघाली तर परपरागणावर संशय घेण्याआधी बी सांडल्याचा किंवा पुड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्या.

पण ही ओळख पटवायची पद्धत झाली. वाण राखायचा तो एकत्रच. तऱ्हा सुट्या केल्या की डोळ्याला दिसणारे पाच फरक तेवढे राखले जातात. तांबेरा, थंडी, कमी पाणी यांना तोंड देणारे फरक दिसत नाहीत, ते निवडीत गळतात. इथिओपियाच्या डोंगराळ भागातून १९३० च्या दशकात आणलेल्या जवात भुरीला अडवणारा एमएलओ हा जनुकाचा प्रकार मिळाला. युरोपातल्या उन्हाळी जवाला भुरीपासून आजही तोच वाचवतो. तो काही ओंबीच्या रंगावर लिहिलेला नव्हता.

बी किती धरायचं याचा हिशेब सोपा आहे. जमावात शंभरात पाच झाडांत असलेला गुण पुढच्या पिढीत येण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर किमान ५९ झाडांचं बी लागतं. शंभरात एकच झाड असेल तर २९९. मी १५० ते २०० झाडं धरा म्हणेन. प्रत्येक झाडाची एक ओंबी आणि प्रत्येक ओंबीचे सारखेच दाणे, समजा २०. १५० ओंब्यांचे ३००० दाणे होतात, हजार दाणे सुमारे ४० ग्रॅम धरले तर १२० ग्रॅम. १० सेंमीवर एक दाणा आणि २२.५ सेंमीच्या ओळी धरल्या तर हे पाऊण गुंठ्याच्या आत बसतं. घोळ होतो तो इथे : चांगली ओंबी दिसली की तिचे सगळे दाणे घेतले जातात आणि बारक्या ओंबीचे चार. मग तीन वर्षांत शेत दहा-बारा झाडांच्या खानदानाचं होतं.

कापणीही एका दिवशी उरकू नका. पहिल्या ओंब्या पिवळ्या झाल्यावर एक फेरी, मग दर पाच-सहा दिवसांनी, अशा तीन फेऱ्या करा. एकाच दिवशी कापलं तर लवकर येणारे दाणे झडलेले असतात आणि उशिराचे हिरवे.

तिफणवाला

ताई, वरच्या भाऊनं सांगतलं ते बराबर हाये, मी फक्त मळणीचं सांगतो. बियाचा जव थ्रेशरात टाकूच नका. उघड्या जवाचा कोंब टोकाले उघडाच असते, ड्रमचा मार लागला का दाणा चांगला दिसते पण उगवत नाही. गोणपाटावर पसरा न हलक्या हातानं काडीनं झोडपा. थ्रेशरात आधीचा गहू अडकून राह्यते थो वेगळाच.

दुसरं, बियाले चाळणी लावू नका. चाळणीतून बारक्या दाण्याच्या तऱ्हा खाली पडते, दोन सालात त्या संपल्याच समजा. सुपानं पाखडतानाही तुसाचा जव हलका म्हणून आधी उडते. फक्त काडीकचरा काढा.

पेरताना सरता चार सेंमीपेक्षा खाली जाऊ देऊ नका. उघड्या जवाले तीनच पुरे. काळ्या मातीत खोल पडला न वरून पपडी धरली का कोंब खालीच वाकडा होते.

दिवसमान

लाहौलच्या जवाबद्दल. बी खराब नाही, त्याला इथला दिवस लहान पडला, असा माझा अंदाज आहे. पण उन्हाळी की हिवाळी हे तपासल्याशिवाय पक्कं बोलू नये.

जव मोठ्या दिवसाचं पीक आहे. लाहौल-लडाखकडे एप्रिल-मे मध्ये पेरलेला जव ओंबीवर येतो तेव्हा दिवस मोठे असतात. लेहमध्ये २१ जूनला दिवस जवळपास साडेचौदा तासांचा असतो. चिखलदऱ्याला डिसेंबरअखेर तो सुमारे १० तास ५० मिनिटांचा असतो. तिकडचा जव इथे वाट पाहत फुटवे काढत बसतो, मार्चमध्ये दिवस वाढल्यावर ओंबी टाकतो, आणि नेमका तेव्हा पारा ३५ च्या पुढे जातो. दाणा भरताना ३० अंशांच्या वर सलग दिवस गेले की भरण थांबते. चिपटे दाणे त्यानेच.

दुसरं कारण असू शकतं ते थंडीच्या गरजेचं. हिवाळी जवाला कोवळेपणी काही आठवडे १० अंशांच्या खालची थंडी मिळाली नाही तर तो ओंबीच टाकत नाही किंवा फार उशिरा टाकतो. वसंतात पेरला जाणारा लाहौलचा जव सहसा या प्रकारचा नसतो. उलट तुमच्या उत्तराखंडच्या नमुन्यात अशी काही झाडं असू शकतात. शेवटपर्यंत गवतच राहिलेली झाडं त्यात होती का, ते पाहून सांगा.

चार कुंड्यांत छडा लागतो. प्रत्येकीत दहा दाणे. दोन कुंड्यांचं बी १ ऑक्टोबरला १२ तास भिजवा, मोडाचं पांढरं टोक दिसलं की ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घाला आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ४-५ अंशांवर सहा आठवडे ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको. दर आठ दिवसांनी फडकं ओलं आहे ना, बुरशी नाही ना, ते पाहा. बाकी दोन कुंड्यांचं बी लावायच्या दोन-तीन दिवस आधीच मोडवा. नोव्हेंबरच्या मध्यावर चारही एकदम लावा. फ्रिजवाली एक आणि साधी एक अशा दोन कुंड्यांवर संध्याकाळी साडेपाच ते रात्री अकरापर्यंत बल्ब लावा. जुना पिवळा ६० वॅटचा मिळाला तर उत्तम, त्याच्या लालसर प्रकाशानं जव लवकर ओंबीवर येतो. उरलेल्या दोन कुंड्यांवर त्या बल्बचा उजेड अजिबात पडू देऊ नका. बहुतेक वेळा प्रयोग फसतो तो इथेच.

बल्बवाल्या दोन्ही आधी ओंबीवर आल्या तर प्रश्न दिवसाचा. फ्रिजवाल्या दोन्ही आधी आल्या तर थंडीचा. दोन्ही सोपस्कार केलेली एकच आधी आली तर दोन्हींचा. चारही एकाच वेळी उशिरा आल्या तर तो वाणच सावकाश आहे, त्याला इलाज नाही.

दिवसाचा प्रश्न निघाला तर लाहौलचा जव मेळघाटात पीक म्हणून घ्यायचा नाद सोडा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरून लवकर आणायचा मोह होतो, पण दिवस त्यानं मोठा होत नाही आणि उन्हानं रोपं मात्र आखडतात. फक्त बी ताजं करण्यासाठी अडीच मीटर लांब, मीटरभर रुंद वाफा करा. २० सेंमीच्या चार ओळी, १५ सेंमीवर एक दाणा, म्हणजे ६० झाडं सहज बसतात. वर दीड मीटरवर दोन बल्ब टांगा, २० डिसेंबरपासून ओंब्या निघेपर्यंत. गटाला एवढं विजेचं बिल परवडेल.

सेमाडोह_बचतगट

उत्तराखंडच्या नमुन्यात साताठ झाडं शेवटपर्यंत गवतच होती. ती उपटून गुरांना घातली. आणि तीन ओंब्यांत दाण्याऐवजी काळी भुकटी होती.

ओंबी_ते_ओळ

ती साताठ झाडं हिवाळी ओळींची असण्याची शक्यता मोठी. इथे त्यांचं बी धरणारच नव्हतं, त्यामुळे उपटली म्हणून नुकसान नाही. पण वाण कसा बदलतो ते यातच दिसतं. अमेरिकेत हार्लन आणि मार्टिनी यांनी अकरा वाणांचं मिश्रण दहा ठिकाणी पेरलं, दरवर्षी त्याच जागचं बी परत त्याच जागी. १९३८ मध्ये निष्कर्ष छापून आले. थोड्याच वर्षांत जागेजागी वेगळा वाण वरचढ झाला आणि बाकीचे नगण्य उरले. सेमाडोहला तेच होणार. उशिराच्या आणि हिवाळी ओळी गळतील, लवकर येणाऱ्या वाढतील.

म्हणून पहिल्या दिवशीच पिशवीचे दोन भाग करायला हवेत. मूळ बियातला निम्मा भाग बरणीत, शेतात न नेता. उरलेला दरवर्षी पेरा आणि खुशाल इथल्यासारखा होऊ द्या. त्याला मूळ गावाचं नाव लावू नका. बरणीतलं बी तुमच्याकडे अजून असेल तर आता त्याला हात लावू नका.

काणी_आणि_बरणी

काळी भुकटी म्हणजे काणी. दोन प्रकार आहेत आणि इलाज वेगळे आहेत. ओंबी बाहेर पडतानाच भुकटी उघडी असेल, वाऱ्यानं उडत असेल आणि शेवटी नुसता दांडा उरत असेल तर ती उघडी काणी. बुरशी दाण्याच्या आत, कोंबात बसलेली असते. भुकटी पातळ पापुद्र्यात बंद राहून मळणीतच फुटत असेल तर ती झाकलेली काणी. ती दाण्याच्या वर चिकटते, बीजप्रक्रियेनं सहज जाते.

उघड्या काणीला वरवरचं औषध चालत नाही, आत शिरणारं लागतं. किलोला २ ग्रॅम कार्बोक्सिन चोळा. औषध नको असेल तर गरम पाणी. बी आधी साध्या पाण्यात पाच तास भिजवा, मग ४९ अंशांच्या पाण्यात एक मिनिट, लगेच ५२ अंशांच्या पाण्यात ११ मिनिटं, आणि तडक गार पाण्यात. नंतर सावलीत पातळ पसरून वाळवा. पाणी हातानं अजमावू नका, थर्मामीटर लागतोच. ५० ला बुरशी मरत नाही, ५४ ला जव मरतो. उघडा जव जास्त नाजूक, म्हणून आधी ५० दाण्यांवर करून उगवण पाहा आणि मगच बाकीचं. गव्हाला मे महिन्यात सकाळी चार तास भिजवून उन्हात तापवायची जुनी रीत आहे. हातात दोन मुठी बी असताना ती जवावर करून पाहायला मी सांगणार नाही.

पुढच्या वर्षी काणीची ओंबी दिसली की झाड हलवू नका. ओंबीवर प्लॅस्टिकची पिशवी चढवा, मग उपटा आणि जाळा. जवाची दोन शेतं तीन मीटर दूर असली तरी बियाण्याला चालतं, पण शेजारी काणी असेल तर १५० मीटर लागतात.

आता बरणी. आपल्या मे महिन्यात कोठीतलं बी मरतं ते दमटपणा आणि उष्णता यांच्या जोडीनं. ढोबळ नियम असा की ओलावा १ टक्का कमी केला की आयुष्य दुप्पट, आणि तापमान ५ अंशांनी कमी केलं की पुन्हा दुप्पट. १२ टक्क्यांवरून ८ वर आणलं तर सोळापट. उन्हात तापवून एवढं खाली येत नाही, कारण हवेतला ओलावा परत शिरतो. बियाच्या वजनाइतकी सिलिका जेल कापडी पुरचुंडीत घालून घट्ट बरणीत आठ दिवस ठेवा, जेलचा रंग बदलला की कढईत मंद तापवून परत वापरा. मग जेल थोडीच ठेवून बरणी मेणानं बंद करा आणि जमिनीलगत, घराच्या उत्तरेकडच्या खोलीत ठेवा. बरणी वारंवार उघडली तर सगळी मेहनत वाया, म्हणून तीन लहान बरण्या करा.

दोन वर्षांनी उगवण तपासा. मूळ बरणीतून २५ दाणे, जास्त नाही. ओल्या गोणपाटाच्या गुंडाळीत सात दिवस ठेवून मोजा. २१ पेक्षा कमी उगवले तर पुढच्या रब्बीत बी ताजं करायला घ्या. नुकत्या मळलेल्या जवाची तपासणी करू नका, तो काही आठवडे झोपेत असतो आणि मेला असं वाटतं.

पूर्णाकाठ

मध्येच विचारतो. दर्यापूरकडे आमचा खारपाणपट्टा आहे. जव खाऱ्या जमिनीत चालतो म्हणतात, तो हाच का?

दिवसमान

धान्यपिकांत क्षार सहन करण्यात जव सर्वांत पुढे आहे, मातीच्या द्रावणाची क्षारता ८ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत (हे क्षार मोजायचं माप) उत्पन्नात घट धरत नाहीत. पण कोवळं रोप त्याच्या निम्म्याला कण्हतं. आणि तुमच्याकडे अडचण नुसत्या क्षारांची नाही. सोडियममुळे माती फुगते, पाणी मुरत नाही, आणि जवाच्या मुळाला साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. गादीवाफ्यावर, एका पाण्यावर करून पाहा. आणि त्यासाठी ताईंचं मूठभर बी मागू नका, राजस्थान-हरियाणाकडचे खाऱ्या जमिनीसाठी काढलेले वाण कर्नालच्या गहू व जव संशोधन संस्थेकडे विचारा.

ओंबी_ते_ओळ

नोंदणीचं राहिलं. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्यांच्या वाणाची नोंदणी होते, शेतकऱ्याला शुल्क नाही. पण ती ज्यांनी तो वाण पिढ्यानपिढ्या राखला त्यांच्या नावानं. उत्तराखंड किंवा लाहौलचा जव मेळघाटातल्या गटानं स्वतःचा म्हणून नोंदवणं बरोबर नाही, आणि हरकत आली तर टिकणारही नाही. पेरायला, राखायला, वाटायला त्याच कायद्यानं मोकळीक आहे. स्वतःची नोंदणी करायची तर तुमच्या पाड्यातली कुटकी, सावा किंवा लाहीची ज्वारी घ्या.

बरणीतला एक हिस्सा अकोल्यात राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या (देशाच्या बियाणं-पेढीच्या) प्रादेशिक केंद्राकडे देता येईल. किती दाणे लागतात ते आधी विचारून घ्या. नमुन्यासोबत गाव, जिल्हा, समुद्रसपाटीपासूनची उंची, तिकडचा पेरणीचा आणि कापणीचा महिना, स्थानिक नाव आणि तिकडे त्याचं काय करतात, एवढं लागतंच. ज्यांनी बी दिलं त्यांना आजच फोन करून हे लिहून घ्या. उंची आणि पेरणीचा महिना माहीत नसलेलं बी पेढीत वर्षानुवर्षं पडून राहतं, कुणी मागत नाही.

आणि निळ्या दाण्याची ती ओंबी एकत्र पिशवीत मिसळली नसेल तर निळे आणि पांढरे दाणे वेगळे मोजा, दोन वेगळ्या ओळींत पेरा, आणि आकडे इथे टाका.